आयत्या वेळचे विषय

११ जानेवारी, शनिवार

दोन तास दहा मिनिटं! आणि ठरलं काय, तर जिन्यातला दिवा बदलायचा. पाच माणसं, नऊ कप चहा आणि एक दिवा.

छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत लघुलेखिका म्हणून काढली. साहेब लोकांची बडबड टिपून बोटं वाकडी झाली. वाटलं होतं, निवृत्तीनंतर वृद्धाश्रमाच्या मंडळाचं इतिवृत्त लिहायचं म्हणजे जरा बऱ्या माणसांत बसायला मिळेल. कसलं काय! साहेबांना निदान पाच वाजता घरी जायची घाई असायची. यांना घरी कुणी विचारत नाही, म्हणून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इथे येऊन बोलून घेतात.

अध्यक्ष निवृत्त प्राचार्य. वाक्यागणिक घसा खाकरतात, जशी काही समोर चारशे पोरं बसली आहेत. वकील 'कायदेशीरदृष्ट्या' म्हटल्याशिवाय बिस्किटसुद्धा उचलत नाहीत. दातांची डॉक्टरीण बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही, दातांकडे बघते. व्यवस्थापिका सगळ्याला 'हो हो, करते' म्हणते. करत काही नाही.

आणि आज नवीन नग दाखल झाला — सुतार. नातेवाइकांचा एक प्रतिनिधी मंडळावर हवा असं घटनेत आहे, म्हणून घेतला. त्याची थोरली बहीण आश्रमात राहते. साठी उलटलेली, नखांत भुसा, खिशात घडीची पट्टी. सभेला पट्टी घेऊन! काय मोजणार होता?

मोजलंच त्यानं. अध्यक्ष म्हणाले, "आयत्या वेळचे काही विषय?" हे म्हणायचं असतं म्हणून म्हणतात, कुणी काही बोलायचं नसतं. याला कोण सांगणार? हा उभाच राहिला, पट्टी उघडून खोलीचं दार मोजलं.

"बाथरूमच्या कड्यांचं बोलायचं होतं. आतून कडी लावली आणि म्हातारं माणूस पडलं, तर बाहेरून उघडायची कशी? दारं पण आत उघडतात. माणूस दारालाच पडलं तर ढकलूनसुद्धा उघडायचं नाही."

इथे थांबला असता तर ठीक. पण मग लाकूड कसं फुगतं, बिजागरी कशी बसते, त्याच्या बहिणीला लहानपणापासून दार लावून घ्यायची सवय कशी. वीस मिनिटं! मी पेन्सिल खाली ठेवली. कधी ठेवायची ते मला बरोबर कळतं.

१२ जानेवारी

इतिवृत्त पक्कं केलं. दीड पान. दोन तासांच्या चऱ्हाटातून दीड पान काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. कोण काय बोललं ते इतिवृत्तात येत नाही. काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत — बस्स. बाकीचं पाल्हाळ.

शेवटची ओळ नेहमीचीच: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय — नाहीत.'

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि वन्सं. भांडायला तिसरं कुणी नाही. जेवताना वन्संना सुताराची नक्कल करून दाखवली, पट्टी उघडण्यापासून. हसल्या. मग म्हणाल्या, "तुला त्या मंडळात एक तरी माणूस आवडतं का गं?"

"एकही नाही."

"मग जातेस कशाला?"

"कुणीतरी शहाणं नको का तिथे?"

८ फेब्रुवारी, शनिवार

सुतारानं आज पिशवीतून कडी आणली! खरीखुरी. टेबलावर, चहाच्या कपांमध्ये ठेवली. एका फळीवर बसवून आणली होती — एका बाजूनं कडी, दुसऱ्या बाजूला खाच. खाचेत नाणं घालून फिरवलं की बाहेरून कडी सुटते. चारदा करून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा फिरवून पाहिली. जादूचे प्रयोगच! फक्त टोपीतून ससा काढायचा राहिला.

"अठरा दारं आहेत," तो म्हणाला. "मी स्वतः बसवून देतो. मला मजुरी नको."

अध्यक्ष खाकरले. "बघू. व्यवस्थापिकाबाई, जरा बघा."

"हो हो, बघते."

सूचक नाही, अनुमोदक नाही, मुदत नाही. म्हणजे ठराव नाही. म्हणजे माझ्या लेखी काही घडलंच नाही. पेन्सिल खाली. आयत्या वेळचे विषय — नाहीत.

यावेळी एक मात्र मोठं ठरलं. दर्शनी भागात संस्थेच्या नावाचा नवा फलक. त्याच्या अक्षरांच्या रंगावर पाऊण तास. सर्वानुमते निळा.

२० फेब्रुवारी

व्यवस्थापिकेचा फोन. मागच्या इतिवृत्तात तिच्या नावावर काय काम आहे, विचारत होती. वाचायचा कंटाळा! मी म्हटलं, "फलक. निळा." म्हणाली, "हो हो, करते."

८ मार्च, शनिवार

आज मजा आली.

मागील सभेचं इतिवृत्त मी वाचलं, अध्यक्ष म्हणाले, "कायम करायचं?" आणि सुतारानं हात वर केला. "माझं त्यात आलं नाही."

"काय आलं नाही?"

"कड्यांचं. मी दाखवली होती की. त्याच्या आधी जानेवारीत नुसतं बोललो होतो, तेही आलं नव्हतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हटलं, "अहो, इतिवृत्तात ठराव येतात. गप्पा नाही येत."

काय हसले सगळे! वकिलांना तर ठसका लागला. सुतार हळूच खाली बसला. कान लाल. अध्यक्षांनी सही ठोकली — कायम.

शेवटी जाताना दारात एवढंच म्हणाला, "मग कड्यांचं काय समजायचं?" अध्यक्ष म्हणाले, "विचाराधीन आहे." तिसऱ्यांदा कडीपुराण! चिकाटी आहे हो माणसाला. अक्कल असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन वन्संना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वय झालं, विनोद कळत नाहीत.

१९ मार्च, बुधवार

सकाळी साडेनऊला व्यवस्थापिकेचा फोन. रडत होती, काही कळेना. पोस्टातल्या आजी बाथरूममध्ये पडल्या. त्या पोस्टात होत्या, अजूनही सगळ्यांना पत्ता नीट लिहायला सांगतात. कडी आतून. त्या दारालाच पडलेल्या. मजल्यावर एकटी दिवसपाळीची सेविका, बाकी अकरा म्हातारी माणसं. ती ओरडली, दार ढकललं, खांद्यानं धक्के दिले, खाली धावली. शेजारच्या गॅरेजमधून दोघांना घेऊन आली. त्यांनी पहार घालून दार फोडलं. पस्तीस मिनिटं लागली.

आजी आतून बोलत होत्या म्हणे. सुरुवातीला.

२२ मार्च

आजी आज सकाळी गेल्या. मुलगा आश्रमात येऊन आरडाओरडा करून गेला. लेखी तक्रार केली आहे. सरकारी तपासनीस येणार.

सोमवारी तातडीची सभा.

२४ मार्च, सोमवार

नीट लिहून ठेवते.

गणपूर्ती झाली. सगळे हजर, चहा नाही. वकिलांनी सुरुवात केली. तपासनीस विचारणार, मंडळाला धोका माहीत होता का? माहीत असून काही केलं नसेल, तर जबाबदारी मंडळाची. माहीत नसेल, तर प्रश्न येतो कामावर कोण होतं त्याचा.

"माहीत होता," सुतार म्हणाला. "मी तीनदा सांगितलं."

 

मग वकील अगदी गोड आवाजात म्हणाले, "इतिवृत्तात आहे का?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, जरा बघता?"

मी दप्तर उघडलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकेक पान उलटलं, अगदी सावकाश, जसं काही सापडेल. काय आहे ते मला पाठ होतं.

"नोंद नाही," मी म्हटलं.

खरंच होतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं.

सुतार माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. फळीत गाठ निघाली तर बघतात तसा.

ते सगळे तिथेच बसले होते की! तिन्ही वेळा. चौघांनी ती कडी पाहिली, डॉक्टरीणबाईंनी हातात घेतली. आणि आज सगळे माझ्या दप्तराकडे असे बघत होते, जणू त्यांचे कान तिथे ठेवलेत. भेकड लेकाचे!

ठराव: दिवसपाळीच्या सेविकेला कर्तव्यात कसूर केल्याबद्दल तात्काळ कामावरून कमी करावे. सूचक — वकील. अनुमोदक — डॉक्टरीणबाई. विरोधात सुतार एकटा. बहुमताने मंजूर.

मसुदा मीच केला. भाषा चोख आहे. वकील म्हणाले, "वा, बाई! याला म्हणतात इतिवृत्त."

२५ मार्च

सेविका ठरावाची प्रत घ्यायला ऑफिसात आली. व्यवस्थापिका आज नेमकी रजेवर, म्हणजे द्यायची मीच. पोच म्हणून सही हवी होती. सही कसली, एकेक अक्षर कोरत बसली. माझी बस चुकणार म्हणून मी घड्याळाकडे बघत होते. कोपरापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा. दाराला धक्के मारले होते ना.

कागद उलटसुलट करून म्हणाली, "बाई, कसूर म्हणजे काय?"

"काम नीट केलं नाही असा अर्थ."

कागदावर बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, "मग दार कसं उघडायचं होतं, ते लिहिलंय का यात?"

मी म्हटलं, "ठरावात तसं काही नसतं."

"बरं," म्हणाली. प्रत चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि गेली.

बस चुकली नाही. वेळेत मिळाली.

२७ मार्च, गुरुवार

आज ही वही मागे मागे चाळली. सुताराचं नेमकं कधी काय झालं होतं ते बघायला. दप्तरात नाही, लघुलिपीच्या टिपणांत नाही, कारण तेव्हा पेन्सिल खाली होती.

इथे आहे! सगळं आहे. अकरा जानेवारी, आठ फेब्रुवारी, आठ मार्च. शब्दन्‌शब्द. अठरा दारं, दारं आत उघडतात, मजुरी नको. सरकारी लघुलेखिकेनं मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वेगानं घ्यावं तसं घेतलं आहे. टिंगल करायची होती म्हणून घेतलं आहे.

वन्संना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"म्हणजे तू ऐकलं होतंस," म्हणाल्या.

"ऐकलं होतं. पण इतिवृत्ताचा नियम असा आहे, वन्सं, की जे ठरत नाही ते—"

"नियम राहू दे. एखाद्यानं सभेत धोक्याची सूचना केली, तर तेवढी ओळ लिहायची नसते का?"

लिहायची असते. एक ओळ: 'एका सदस्यांनी बाथरूमच्या कड्या बदलण्याची सूचना केली. निर्णय झाला नाही.' नवशिक्या कारकुनालासुद्धा हे कळतं. मला छत्तीस वर्षं कळत होतं. तो सुतार होता म्हणून कळलं नाही. प्राचार्य तेच बोलले असते तर लिहिलं असतं, 'मौलिक सूचना' म्हणून.

वन्संना हे सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

२ एप्रिल

अध्यक्षांच्या घरी गेले. भिंतभर मानपत्रं. एकात शुद्धलेखनाच्या दोन चुका. सगळं सांगितलं.

खाकरले. "बाई, इतिवृत्त कायम झालंय. आणि कायम झालेलं बदलायचं नसतं, हे तुमच्याचकडून शिकलो आम्ही!"

"बदलायचं नाही, सर. पुढच्या सभेत दुरुस्तीची वेगळी नोंद घालता येते."

"कशासाठी? त्या सेविकेला दुसरीकडे मिळेल काम. तुमचं नाव खराब होईल. तुमच्या इतिवृत्तांचा दर्जा—" मग दर्जावर दहा मिनिटं. आयुष्यात कुणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. ऐकताना किळस आली. त्याहून किळस ही, की पहिली दोन मिनिटं बरं वाटलं.

३ एप्रिल

तपासनीस येऊन गेला. इतिवृत्त मागितलं. म्हणाला, "अक्षर सुंदर आहे."

१२ एप्रिल, शनिवार

पहिला विषय: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं नाही. उभी राहिले. इतक्या सभांत पहिल्यांदाच. माझी खुर्ची टेबलापासून जरा मागे असते.

म्हटलं, "तीन सभांत एका सदस्यांनी केलेली सूचना मी नोंदवली नाही. ती दुरुस्ती नोंदवावी अशी विनंती आहे." आणि घरून लिहून आणलेला कागद वाचला. तारखा, मुद्दे, सगळं सभ्य भाषेत.

वकील ताडकन म्हणाले, "याला आधार काय?"

"माझी रोजनिशी."

"कायदेशीरदृष्ट्या खाजगी वही म्हणजे—"

"वही आणली आहे का?" सुतारानं विचारलं.

आणली होती. पिशवीत होती.

"मग त्यात आहे तसं वाचा. या कागदातलं नको."

मी म्हटलं, त्यातली भाषा खाजगी आहे. तो वाट बघत बसला.

वाचलं. नखांतला भुसा वाचला. 'मोजलंच त्यानं' वाचलं. जादूचे प्रयोग, ससा, कडीपुराण. 'अक्कल असती तर' इथे थांबून पाणी प्यायले, पुढे वाचलं. प्राचार्यांचं खाकरणं आणि डॉक्टरीणबाईंचे दातही वाचले, मधे येत होते म्हणून. या वेळी कुणी हसलं नाही. सुतार टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, रंधा नीट लागलाय का बघतात तसा. वर बघितलंच नाही.

मग अध्यक्ष म्हणाले, "हे सगळं फारच… दुर्दैवी—"

"थांबा हो, सर!" डॉक्टरीणबाई. रडायलाच आल्या होत्या. "वही कशाला पाहिजे? मी होते ना इथे. कडी माझ्या हातात होती. तुम्ही नव्हतात? आणि मी त्या बाईला काढायला अनुमोदन दिलं! आधी ते रद्द करा."

रद्द झालं. सेविका सोमवारपासून परत कामावर. दुरुस्ती नोंदवली, प्रत तपासनीसाला. अठरा दारांच्या कड्या पंधरा दिवसांत बदलायच्या, दारं बाहेर उघडतील अशी करायची, जबाबदारी सुताराची. वकील तटस्थ. एका वाक्यात 'दृष्ट्या' तीनदा आलं, पण तटस्थ.

 बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. निस्तरलं! बाकीच्यांना जमलं नसतं, हे लिहायला हरकत नाही.

२६ एप्रिल

कड्या बसल्या का बघायला मुद्दाम गेले. सुतार दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून काम करत होता, बहीण खुर्ची घेऊन शेजारी. खिळे तिच्या हातात. सेविका बादली घेऊन चालली होती. मला बघून थांबली, मान हलवली, गेली. आभार मानले असं म्हणता येणार नाही.

मी म्हटलं, "छान झालं हो काम." त्यानं बहिणीकडून पुढचा खिळा घेतला. म्हटलं, "त्या दिवशी सभेत ते सगळं वाचणं मला सोपं नव्हतं."

"जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "उजेड अडतोय."

काय हा तोरा! एवढं केलं माणसानं, नोकरी वाचवली कुणाची तरी, चारचौघांत स्वतःचे वाभाडे काढून घेतले. एक 'बसा' म्हणायला काय जात होतं?

वन्सं म्हणाल्या, "तू माफी मागितलीस का?"

म्हटलं, "सगळं वाचलं की सभेत."

"ते वाचलंस गं. माफी मागितलीस का?"

१० मे, शनिवार

सुतारांनी रीतसर ठराव मांडला. इतिवृत्तलेखनाच्या कामातून मला मोकळं करावं. म्हणाले, "बाई खोटं लिहीत नाहीत. पण कुणाचं ऐकायचं, ते घरून ठरवून येतात." अनुमोदक — डॉक्टरीणबाई. सर्वानुमते.

मसुदा मीच करायचा होता. त्यांची दोन्ही वाक्यं घातली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, दुसरं गाळा. बरं दिसत नाही."

गाळलं नाही.